शब्दाला माणूस शोधणाऱ्या खिल्लारे मॅडम

मी मराठीचा मास्तर. इंग्रजीवर माझा राग नव्हता, पण इंग्रजी शिकवणाऱ्यांवर होता. परतूरच्या आमच्या शाळेत इंग्रजीचे जेवढे मास्तर आले, ते सगळे स्टाफरूममध्ये खुर्ची जरा लांब ओढूनच बसले. मराठीचा तास म्हणजे पोरांनी डुलकी काढायचा तास, असं त्यांचं एकमत होतं. त्यामुळं विशाखा खिल्लारे आमच्याकडं रुजू झाल्या तेव्हा मी मनाशी म्हणालो, आली आणखी एक.

बाई पहिल्याच दिवशी माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाल्या, "सर, 'सुसरस' नावाचा एक इंग्रजी शब्द हाय. झाडातून वारा गेल्यावर आवाज येतो बघा, अन् माणसं हळू बोलत असली की लांबून जसं ऐकू येतं, त्या दोन्हीला मिळून हा एकच शब्द. मराठीत काय म्हणाल?"

"सळसळ," मी म्हणालो.

"ती झाडाची झाली. माणसाची?"

"कुजबूज."

"अन् दोन्ही मिळून?"

बाईंनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "जल्दी न्हाई. इचार करून सांगा." मी विचार करत राहिलो आणि ते सांगायचं राहूनच गेलं. मला माझ्याच भाषेत कोंडीत पकडणारं माणूस स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच भेटलं होतं. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

बाई दिसायला किरकोळ. केस पांढरे व्हायला लागलेले, त्यांना कधी काळा रंग लावला नाही. स्कूटी एवढी सावकाश चालवायच्या की मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या बैलगाड्या त्यांना ओलांडून जात. स्कूटीच्या पुढं पायाशी एक कापडी पिशवी, आणि पिशवीत जाडजूड शब्दकोश. तो त्यांनी जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेला असे. बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं. तालेवार इंग्रजी शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'न्हाई' आणि 'मंग' लावून बाई वाक्य पुरं करायच्या, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. एकदा जालन्याहून आलेले तपासणीचे साहेब त्यांना म्हणाले, "मॅडम, तुमचे उच्चार गावठी आहेत." बाई म्हणाल्या, "गावातच राह्यते ना साहेब. अर्थ बराबर हाय का, तेवढं तपासा." साहेबांनी पुढं काही तपासलं नाही.

अभ्यासक्रम त्या नेटानं पुरा करायच्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण त्यांचा जीव होता रविवारच्या वर्गात. रविवारी सकाळी शाळेची एक खोली उघडून त्या पोरापोरींना इंग्रजीतले दुर्मिळ शब्द शिकवायच्या. पुस्तकी, जुने, बड्या लेखकांच्या लिखाणात कुठंतरी एखाद्या वेळेला येणारे. परीक्षेत न येणारे, नोकरीला न लागणारे, बाजारात न चालणारे. फी नाही, हजेरी नाही, आणि तरी खोली भरलेली.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस, पण व्यवहारी. ते एकदा माझ्यासमोरच बाईंना म्हणाले, "मॅडम, ह्या शब्दांचा उपयोग काय? त्यापेक्षा पोरांना चार वाक्यं बोलायला शिकवा. स्टेशन रोडला तो स्पोकन इंग्लिशचा क्लास निघालाय, तसं."

बाई म्हणाल्या, "तिथं 'येस सर' म्हणायला शिकवतात. तो सर कसा हाय, हे सांगणारा शब्द मी शिकवते."

मुख्याध्यापक हसले, पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या पोरांना सगळे उपयोगापुरतंच वाढतात, सर. उपयोगापुरती अक्षरं, उपयोगापुरतं गणित. मोठ्या शहरातल्या पोरांना बिनउपयोगाचं बी मिळतं, म्हणून ती ऐटीत चालतात. माझ्या पोरांना बी बिनउपयोगाचं पाह्यजे. भरपूर पाह्यजे."

शिकवायची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. फळ्यावर शब्द लिहायच्या, शब्दकोशातला अर्थ एकदा नीट वाचून दाखवायच्या, बस. मग त्या शब्दाला परतुरातला माणूस शोधायचा. आठवडाभर पोरांनी गावात डोळे उघडे ठेवून फिरायचं आणि पुढच्या रविवारी येऊन सांगायचं, हा शब्द अमक्याला द्या, आणि का द्या. बाकीच्यांनी वाद घालायचा. पटला तर शब्द त्या माणसाच्या नावावर लागला. आणि एकदा माणसाच्या नावावर लागलेला शब्द पोरगं मेलं तरी विसरत नसे.

'टॅसिटर्न' म्हणजे मुळात कमी बोलणारा. तो रेल्वे फाटकावरच्या गेटमनला मिळाला, कारण गाडी किती लेट आहे विचारलं तर तो नुसती बोटं दाखवायचा. 'लॅक्रिमोज' म्हणजे सदा डोळ्यांत पाणी. तो एका पोरीनं स्वतःच्या आत्यालाच दिला, जी दुसऱ्याच्या बारशातसुद्धा पदर डोळ्याला लावते. 'क्रेपस्क्युलर' म्हणजे संधिप्रकाशात बाहेर पडणारं. खरं तर तो वटवाघळांसाठीचा शब्द, पण एका पोरानं तो दिवे लागायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसणाऱ्या त्याच्या आजीला मागितला. वटवाघळाचा शब्द आजीला द्यायचा का, यावर तासभर भांडण झालं. शेवटी बाईंनी निकाल दिला, "आजीला आवडत असंल तर द्या." पोरगा घरी जाऊन विचारून आला. आजी म्हणाली, घेते.

गावात कुणकुण लागायला वेळ लागला नाही. लोक पोरांना धरून विचारायला लागले, आमचा शब्द कोणता? बाईंनी एक नियम घालून दिला होता, की चांगला शब्द माणसाला सांगायचा, वाकडा शब्द वर्गातच ठेवायचा. बसस्टँडजवळच्या सलूनवाल्याला पोरांनी 'इनडिफॅटिगेबल' दिला, म्हणजे थकणं माहीत नसलेला. लग्नसराईत तो उभ्यानं जेवतो, म्हणून. गड्याला शब्द एवढा आवडला की त्यानं पाटीच बदलली. 'इनडिफॅटिगेबल हेअर सलून' असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. गिऱ्हाइकाला दाढी करता करता तो अर्थ समजावून सांगायचा, आणि शेजारचा कापडवाला जळून खाक व्हायचा. तो थेट शाळेत आला. "मॅडम, मीच काय घोडं मारलं? मला बी एखादा जोरदार शब्द द्या ना." बाई म्हणाल्या, "शब्द मागून मिळत न्हाई भाऊ, तसं वागावं लागतं." कापडवाला महिनाभर गिऱ्हाइकाशी फार गोड वागत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आमच्या संस्थेच्या सचिवसाहेबांबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून झालं. साहेब फार धार्मिक. निदान दिसायला. कपाळावर गंध, गळ्यात माळ, सप्ताहात पहिली खुर्ची, आणि वर्षातून एकदा अनवाणी पायी जांब समर्थला दर्शनाला. साहेब अनवाणी निघाले की पुढं ढोल, मागं कार्यकर्ते, बाजूला मोबाइलवर शूटिंग करणारे. परतूरची वेस ओलांडली की शूटिंग थांबायचं आणि साहेब जीपमध्ये बसायचे. जांबच्या अलीकडं जीप थांबायची, साहेब उतरायचे, पायाला जराशी धूळ लावायचे आणि पुन्हा शूटिंग सुरू. हे आम्हाला कसं माहीत? जीप चालवणारा ड्रायव्हर आमच्या नववीतल्या शबानाचा मामा होता.

एका रविवारी बाईंनी फळ्यावर 'सँक्टिमोनियस' लिहिला. आपण किती पवित्र, किती सज्जन, हे लोकांना दाखवायची ज्याला फार हौस असते आणि आतून ज्याचं तसं काही नसतं, तो. पुढच्या रविवारी शबाना उठली आणि तिनं मामाची जीप, साहेबांचे पाय आणि जराशी धूळ, सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या शब्दावर कुणी वाद घातला नाही. बाई म्हणाल्या, "बराबर हाय. पण हा वर्गाच्या बाहेर न्यायचा न्हाई."

शब्द बाहेर गेलाच. पण पोरांनी चहाडी केली म्हणून गेला नाही. साहेबांचा वाढदिवस आला होता. कार्यकर्ते स्टेशन रोडला लावायच्या फ्लेक्सचा मजकूर जुळवत बसले होते. 'कार्यसम्राट' मागच्या वर्षी झालं होतं, 'लोकनेते' दुसऱ्यानं वापरलं होतं. तेवढ्यात एकाला आठवलं, की मॅडमची पोरं सगळ्यांना इंग्रजी शब्द देतात. त्यांनी मैदानावर खेळणाऱ्या सातवीच्या एका पोराला धरलं. "काय रे, साहेबाला शब्द दिलाय का न्हाई?"

पोरगं घाबरलं. खोटं बोलायची सवय नाही. म्हणालं, "दिलाय. लई मोठा हाय." आणि सांगून पळालं.

कार्यकर्त्यांनी अर्थ विचारला नाही. शब्द मोठा होता, उच्चारायला भारदस्त होता, आणि सलूनवाल्याच्या शब्दापेक्षा वजनदार वाटत होता. दोन दिवसांत स्टेशन रोडवर फ्लेक्स लागला. साहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली लाल अक्षरांत, 'आमचे प्रेरणास्थान, सँक्टिमोनियस नेतृत्व, यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.'

मी फ्लेक्स पाहिला आणि सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन उभा राहिलो. मला हसू आवरेना, आणि हसताना कुणी बघत नाही ना, म्हणून मी मागं वळूनही पाहिलं. बाईंनी पाहिला तेव्हा त्या हसल्या नाहीत. "अर्थ इचारायला काय झाल्तं ह्यांना?" एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

आठ दिवस साहेब त्या फ्लेक्ससमोर फोटो काढून घेत होते. मग पुण्याहून त्यांचा भाचा आला, त्यानं फ्लेक्स वाचला आणि मोबाइलवर मामाला अर्थ दाखवला. त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरला. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंना बोलावणं आलं. साक्षीला म्हणून मलाही.

साहेब चिडलेले दिसत नव्हते. आवाज एकदम मऊ. "मॅडम, झालं गेलं सोडून द्या. लेकरं हायेत. पण गावात चर्चा होऊन राह्यली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी येणारच हाय. स्टेजवर तुमी फक्त एवढं सांगा, की ह्या शब्दाचा अर्थ धर्मपरायण असा होतो, लोकांचा गैरसमज झाला. तुमचा शब्द परतुरात कुणी खोटा मानत न्हाई."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगता येत न्हाई."

"पुस्तक उघडून बघायला कोण जातंय, मॅडम?"

"मी जाते ना."

साहेबांनी माळेवरून हात फिरवला. रविवारच्या वर्गाला मोठी खोली देतो म्हणाले, पंखे बसवून देतो म्हणाले. आणि त्याच मऊ आवाजात पुढं म्हणाले, की भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला संस्थेची एक छोटी शाळा आहे, तिथं इंग्रजीला माणूस पाहिजेच आहे. रविवारचा वर्ग मात्र मग बंद होईल. संमेलनापर्यंत विचार करा.

भोकरदनची ती बाजू म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. बाईंच्या घरी म्हातारी आई, गयाबाई, कंबर मोडून खाटेवर पडलेली. ह्या वयात तिला घेऊन कुठं जाणार? सगळा स्टाफ बाईंच्या मागं लागला. मीही लागलो. त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "मॅडम, एक शब्द आहे फक्त. इंग्रजीत असे लाखभर असतील. एकाचा अर्थ एकदा चुकीचा सांगितला तर काय आभाळ कोसळतं?"

बाईंनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "सर, माझ्या आज्याला वाचता येत नव्हतं. चावडीवर काई लिवलं की तो जाऊन इचारायचा, काय लिवलंय म्हणून. तिथं बसलेले लोक गंमत म्हणून त्याला भलतंच सांगायचे. एकदा सांगितलं, अंबडला सरकार जमिनी वाटून राह्यलं, त्याचा कागुद लागलाय. आजा बिचारा अंबडपर्यंत चालत गेल्ता. उपाशीपोटी. तिथं कायच नव्हतं. माघारी आला तर हेच लोक हसले. त्यानं माझ्या बापाला शाळेत घातलं ते नोकरीसाठी न्हाई. अर्थ आपला आपल्याला काढता यावा म्हणून घातलं." त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. "आता ह्या पोरायला मी भलता अर्थ सांगू? तेच करू का मी बी?"

खाटेवरून गयाबाई बोलल्या. "सांग की खरं. माझं काय, मी तिकडं बी खाटंवरच पडणार हाये."

संमेलनाला मैदान भरलं होतं. अर्धं गाव नुसतं त्या शब्दासाठी आलं होतं. सलूनवाला दुकान बंद करून आला होता. सचिवसाहेब मधल्या खुर्चीवर, गंध नेहमीपेक्षा ठळक. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. बाईंचं नाव पुकारून मी माइकपासून बाजूला झालो.

बाई माइकपुढं आल्या. पिशवीतून शब्दकोश काढला, कापड सोडलं, पान उघडलं. बघायची गरज नव्हती, पण बघून वाचलं. "मला सँक्टिमोनियसचा अर्थ सांगायला सांगितलंय. पवित्रपणाचं, सज्जनपणाचं नाटक करणारा, असा त्याचा अर्थ हाय. फ्लेक्सवर लिहिताना कुणी मला इचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पोरांनो, मोठा शब्द दिसला म्हणून भुलायचं न्हाई. सांगणारं माणूस मोठं हाय म्हणून बी भुलायचं न्हाई. अर्थ बघायचा." कापड पुन्हा बांधलं आणि त्या खाली उतरल्या.

मग साहेब उठले. मला वाटलं, आता स्फोट. पण साहेबांनी माइक हातात घेतला, डोळे मिटले, हात जोडले आणि भरल्या आवाजात बोलायला लागले. मी त्यांना क्षमा करतो म्हणाले. थोर संतांनासुद्धा जगानं छळलं, मी तर साधा सेवक म्हणाले. माझ्या मनात कुणाविषयी राग नाही, माझं मन गंगेसारखं निर्मळ आहे, म्हणाले. बोलता बोलता त्यांनी डोळेही पुसले, जिथून शूटिंग चालू होतं त्या बाजूला तोंड करून.

गावातली माणसं तोंडावर हात धरून खाली बघत होती. रविवारच्या वर्गातली पोरं मात्र हसत नव्हती. ती एका रांगेत बसून गंभीरपणे माना डोलवत होती. सरांनी गणित फळ्यावर सोडवून दाखवल्यावर पोरं जशी डोलवतात, तशी.

बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात निघाला. टेम्पोत आधी गयाबाईंची खाट चढवली, मग गयाबाईंना. त्या वरून सगळ्यांना सूचना देत होत्या. शबाना कोपऱ्यात उभी राहून रडत होती, माझ्यामुळं झालं म्हणत होती. बाई तिला म्हणाल्या, "तू अर्थ बराबर लावला होतास. बराबर अर्थ लावल्याबद्दल रडायचं न्हाई." मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मराठीच्या मास्तरला तेवढी सूट असते.

पुढच्या वर्षी बायकोला रेणुकाईच्या दर्शनाला घेऊन गेलो, तेव्हा वाट वाकडी करून बाईंच्या गावाला गेलो. रविवार होता. शाळा बंद होती. खोली द्यायची नाही असा वरून निरोप होता, असं नंतर कळलं. शाळेच्या कुंपणाबाहेर चिंचेखाली फळा टेकवून ठेवला होता, आणि समोर पोरं बसली होती. पोरांच्या मागं चार बायका शेतावर जाता जाता विळे घेऊन थांबल्या होत्या. बाईंनी मला पाहिलं, हातानं थांबा अशी खूण केली आणि शिकवत राहिल्या.

तेवढ्यात बुलेटवरून एक तरणा गडी आला. पांढरी विजार, डोळ्यांवर गॉगल, मागं दोन कार्यकर्ते. गावचा सरपंच. गाडीवरून उतरताना त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला आणि बायकांच्या बाजूनं, फळ्यापासून जरा लांबच उभा राहिला.

"मॅडम, वाढदिवस आलाय," तो म्हणाला. "फ्लेक्ससाठी एक शब्द पाह्यजे होता. पण आधी अर्थ सांगा, मंगच मी छापतो."

मागचे दोघं हसले. सरपंच हसला नाही. परतूरची बातमी इथपर्यंत पोचली होती तर.

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं. "शब्द असा लगेच मिळत न्हाई," त्या म्हणाल्या. "माणूस बघावा लागतो. पोरं तुम्हाला आठवडाभर बघतील. अन् काय मिळंल ते मला बी सांगता येणार न्हाई."

सरपंच कार्यकर्त्यांना म्हणाला, "तुमी जावा." ते गेल्यावर त्यानं इकडं तिकडं पाहिलं, पांढरी विजार वर ओढली आणि पोरांच्या रांगेत धुळीत मांडी घातली.

बाईंनी फळ्यावरचा शब्द पुसला आणि नवीन लिहायला घेतला.